चष्म्याच्या डबीतला शिक्का

पप्पा,

गेल्या मंगळवारी मी अवधपुरीला जाऊन तुमच्या नावावर एक खोटं बोलून आले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलणं ही आपल्याकडे रीतच आहे. शोकसभांमधून मी ते ढिगाने ऐकलंय आणि त्यावर चिमटे काढणारी सदरं लिहीत इतकी वर्षं घर चालवलंय. पण तुमच्या नावावर आजवर कुणी काही खपवलं नव्हतं. तुम्ही तशी सोयच ठेवली नव्हती. तुमच्या अंत्यविधीला पाळकसाहेबही "आपले बंधू कमी बोलत" एवढंच म्हणाले आणि घाईने पुढचं गीत सुरू केलं. तर तो पहिला मान तुमच्या मुलीने मिळवला, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नाही. भाजी चिरता चिरता चाकू ठेवून उठते, गॅलरीत जाते, खाली नेहरू नगरच्या रस्त्यावर कुणाचं तरी कुणाशी पार्किंगवरून भांडण चाललेलं असतं ते अर्धवट ऐकते, परत येते. संपादकांना कळवलं की तब्येत बरी नाही, या आठवड्यात सदर नाही. हेही खोटंच, पण ते माझ्या नावावरचं आहे, त्याची काळजी नाही.

तुम्ही कारखान्यात इन्स्पेक्टर होतात. पोलिसातले नव्हेत, हे मला शाळेत दर वर्षी नव्या बाईंना सांगावं लागायचं, आणि दर वर्षी त्यांचा चेहरा थोडा उतरायचा. यंत्रांचे सुटे भाग मोजायचे, ड्रॉइंगशी ताडून पाहायचे, बरोबर असतील तर त्यावर पोलादी शिक्का धरून हातोडीचा एकच ठोका द्यायचा, हे तुमचं काम. शिक्का बोटाएवढा, टोकाला तुमचा नंबर उलटा कोरलेला. प्रत्येक इन्स्पेक्टरचा वेगळा. तो कुणाला द्यायचा नसतो, रजेवर जाताना ऑफिसात जमा करायचा असतो. तुम्ही तो तेलाच्या चिंधीत गुंडाळून चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवायचात. आईचं मंगळसूत्र पिठाच्या डब्यामागे पडलेलं असायचं, पण ती डबी बंद कपाटात असे.

हीच नजर घेऊन तुम्ही रविवारी आम्हा पोरांना शास्त्र शिकवायचात. भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, मराठी चर्च नव्हतं. हिंदी चर्च होतं, आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी तीनला, जेवून पेंगुळलेल्या मंडळीसाठी, आपली मराठी उपासना. त्याआधी तासभर तुमची शाळा. नोहाच्या तारवाची मापं हातांत दिलेली आहेत, ती तुम्ही फळ्यावर मिलिमीटरमध्ये काढलीत आणि विचारलंत, "आता सांगा, दाराची फट किती चालेल?" याकोबाची गोष्ट शिकवलीत तेव्हा मी हात वर केला होता. धाकटा भाऊ करडांची कातडी हाताला बांधून आंधळ्या बापापुढे जातो, मीच थोरला म्हणून सांगतो आणि आशीर्वाद उपटतो. खरा थोरला मागाहून येऊन रडतो, आणि बाप म्हणतो, आता दिला तो दिला. मी म्हटलं, "पण पप्पा, तो तर फसवून घेतला. देवानं रद्द का नाही केला?" तुम्ही खडू हातात धरून बराच वेळ उभे राहिलात. मग म्हणालात, "याचं उत्तर पुढच्या वेळी." ती पुढची वेळ आलीच नाही. मी मात्र तो प्रश्न अजून धरून बसले आहे, आणि मंगळवारनंतर तो मलाच धरून बसला आहे.

पेटीवाले काका तुम्ही जिवंत असताना या पत्रात आले असते तर तुम्ही पत्र घडी करून ठेवलं असतंत. पण आता त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुम्ही नगरचे, ते जालन्याचे. एकाच गाडीतून एकाच दिवशी भोपाळला उतरलात, एकाच ब्लॉकमध्ये भिंतीला भिंत लागून क्वार्टर मिळालं. ते बोरिंग मशीनवर, पोलादात भोकं कोरायला, तुम्ही त्यांचं काम मोजायला. उपासनेत ते पेटी वाजवायचे, तुम्ही शास्त्र वाचायचात. आईने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाटणं दोनदा आपटलं की पलीकडून काकू ओरडायच्या, "कढीपत्ता का कोथिंबीर?" मी लहानपणी समजत होते की पलीकडचं घर हीही आपलीच खोली आहे, फक्त दार लांबून आहे.

मी अकरा वर्षांची, मार्च महिना, माझी परीक्षा. नगरहून आजी गेल्याची तार आली. तुम्ही आणि आई मिळेल त्या गाडीने निघालात, मला काकूंकडे ठेवलंत. घाईत शिक्का जमा करायचा राहिला. तुमच्या आयुष्यातली ती पहिली चूक असावी. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी काका जेवताना म्हणाले, "बेटा, पप्पांच्या चष्म्याची डबी जरा काढून दे. फॅक्टरीत लागतेय." मी स्टुलावर चढून किल्ली काढली, कपाट उघडलं, डबी दिली. संध्याकाळी त्यांनी ती परत आणून दिली आणि मला पेटीवर एक गीत वाजवू दिलं, उजव्या हाताने मी, भाता त्यांचा. माझ्या लेखी फार चांगला दिवस.

पाचव्या दिवशी तुम्ही परतलात. मुंडण नाही, सुतक नाही, आपल्यात ते नसतं. पण चेहरा असा की आईने चहासुद्धा न विचारता केला. तुम्ही डबी उघडलीत. शिक्का होता. तेलाची चिंधी नव्हती. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, मी ताटावर बसलेली. "डबी कुणी काढली?" मी म्हटलं, "मी. काकांना दिली." पाठीत धपाटा बसणार म्हणून मी मान आत घेतली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरं. जेवून घे."

बस. एवढंच. पुन्हा जन्मात त्यावर एक शब्द नाही. ना "पुन्हा असं करू नकोस," ना "तुला कळत कसं नाही." नंतर मी पापक्षमेवर पुष्कळ प्रवचनं ऐकली, काही तर पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची, तीन मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्याला एक रडू आणणारी गोष्ट. पण क्षमा म्हटलं की मला अजूनही वरणाचा वास येतो.

मग तुम्ही व्हरांड्यात काकांकडे गेलात. मी ताट घेऊन दाराशी सरकले. तुम्ही विचारलंत, "कशावर मारलास?" काका म्हणाले, "अरे कशावर नाही. मला वाटलं आत मोजायचं गेज असेल. हे बघ," आणि पलीकडे त्यांच्या खोलीत जाऊन, उघड्या पेटीवर हात ठेवून म्हणाले, "प्रभूची शपथ." तुम्ही परत आलात. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक नट न मोजता सोडला नाही, त्याने मित्राचा शब्द मात्र तसाच पास केला.

दोन महिन्यांनी काकांच्या मशीनवरचा एक भाग जुळणीला गेला आणि बेअरिंग त्यात सैल बसलं. भोक केसाएवढं मोठं झालेलं, आणि वर तुमचा नंबर, ठसठशीत. चौकशीत तुम्ही एकच वाक्य बोललात म्हणे, "शिक्का माझा आहे, जबाबदारी माझी आहे." रजेवर होतो हेही सांगितलं नाहीत. काकांचं नाव घेतलं असतंत तर त्यांची नोकरी गेली असती, त्यांच्या घरात तेव्हा काकू आणि तीन लहानग्या मुली. तुमची गेली नाही. इन्स्पेक्शनमधून काढून तुम्हाला टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं. कामगाराने पितळी टोकन ठेवायचं, तुम्ही ड्रिल द्यायचं. त्या खिडकीशी रोज सकाळी येणाऱ्यांत काका असायचेच. कुणी कादंबरीकाराने हे असं रचलं असतं तर मी माझ्या सदरात त्याची सालटी काढली असती.

इथवर सगळं ठीक होतं, पप्पा. म्हणजे वाईट होतं, पण सरळ होतं. तुम्ही त्यांना वाचवलंत. मग पुढच्या मराठी उपासनेला पाळकसाहेबांनी प्रभुभोजनासाठी बोलावलं, सगळे कठड्याशी जाऊन गुडघे टेकले, आणि तुम्ही बाकावरून उठलाच नाहीत. त्या महिन्यात नाही, पुढच्या नाही, मरेपर्यंत नाही. एकोणीस वर्षं. शास्त्रात आहे की भावाबद्दल मनात काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. बाकीच्या मंडळीने हे वाक्य ऐकलेलं होतं. तुम्ही ते ड्रॉइंग समजून काम केलंत. आणि पेटीवर कोण? काका. ते वाजवायचे, मग उठून भाकर घ्यायचे, प्याला घ्यायचे, परत येऊन वाजवायचे. ज्याने केलं तो प्रभूच्या मेजावर आणि ज्याने सोसलं तो बाकावर. मंडळीने काय तो निष्कर्ष काढलाच. कुणी म्हणालं, चोरून पितात. कुणी म्हणालं, नगरला दुसरं घर आहे. एका शहाण्या बाईंनी आईला विचारलं, "युनियनच्या लाल झेंड्याचं काही आहे का हो त्यांचं?" आई म्हणाली, "हो ना, परवाच क्रांती करून आले, आता जेवून झोपलेत." माझी जीभ कुणावर गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पंधराव्या वर्षी माझं दृढीकरण. बिशप येणार, पांढरा झगा, डोक्यावर जाळी. पहिल्यांदा मेजावर जायचं. आदल्या दिवशी मी तुम्हाला स्वयंपाकघरात गाठलं. आई करंज्या तळत होती, तुम्ही फ्यूज नीट करत होतात. मी म्हटलं, "पप्पा, माझ्यासाठी एकदा. उद्या एकच दिवस." तुम्ही तार दातात धरून म्हणालात, "तिथं हजेरी लावायला जायचं नसतं." मी भडकले. म्हटलं, "मग काकांना माफ करून टाका ना! की तेही माझ्याच परीक्षेसारखं, आधी पेपर, मग निकाल?" आईने झारा खाली ठेवला. तुम्ही तार काढलीत, आणि फॅक्टरीच्या जुन्या पावतीच्या मागे पेन्सिलीने एक भोक काढलंत.

"माप चुकलेला भाग दोन तऱ्हेने पुढे जातो," तुम्ही म्हणालात. "एक, कुणीतरी गुपचूप शिक्का मारतं. दुसरी, कागदावर लिहून पाठवतात, इथे चुकलंय, इतकं चुकलंय. वरचा माणूस ते वाचतो आणि सही करतो की चालेल, बसवा. ही दुसरी तऱ्हा म्हणजे कृपा. माल तोच, खोट तीच. पण खोट लिहून यावी लागते."

"आणि लिहून आलीच नाही तर?"

"तर भाग रॅकवर पडून राहतो."

"किती दिवस?"

तुम्ही हात धुवायला गेलात. दुसऱ्या दिवशी मी कठड्याशी गुडघे टेकले तेव्हा डाव्या बाजूला तिसऱ्या बाकावर तुम्ही, गुडघे जुळवून, शिस्तीत. उपासना संपल्यावर इतरांच्या वडिलांनी घड्याळं दिली, पेनं दिली. तुम्ही शर्टच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढून दिलीत, जी तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये वापरायचात. "हिने आधी स्वतःला मोज," म्हणालात. मी अर्थात दुसऱ्यांनाच मोजत आले. त्याचे लोक पैसेही देतात.

मी तुमच्यावर चिडले होते, पप्पा, हे लिहून ठेवते. त्यांच्यावर नाही, तुमच्यावर. डबी मी काढली होती. मला "बरं, जेवून घे," आणि त्यांना एकोणीस वर्षं रॅक? मी अकरा वर्षांची होते, मला माहीत नव्हतं, आणि विचारल्याबरोबर मी खरं सांगितलं, हे सगळं मला कळतं. वकील म्हणून मी तुमची बाजू चांगली लढवीन. पण तुम्हीच शिकवलंत ना, सगळं उधळून परत वाटेवर असलेल्या मुलाला बाप लांबूनच पाहतो आणि त्याचं वाक्य पुरं होण्याआधी त्याच्या गळ्यात पडतो? तो बाप कागदाची वाट पाहत नाही. की पाहतो? मुलगा निदान घराच्या दिशेने चालत तरी होता, आणि काका रोज टोकन घेऊन तुमच्याच दिशेने येत होते. मग तुमच्या खिडकीचं काय झालं?

आता मंगळवार. सोमवारी काकूंचा फोन आला. ब्याऐंशीच्या आहेत, आवाज अजून भिंतीपलीकडून आल्यासारखाच. "बेटा, तुझे काका काही ऐकत नाहीयेत. पास्टर घरी भाकर-प्याला घेऊन येतात, हे तोंड फिरवतात. सात महिने झाले. डॉक्टर बोलला, आंटीजी, अब जो दिन हैं, बोनस हैं. म्हणतात, तिला बोलवा, मग बघू. तू उद्या ये. पाचला पास्टरपण येणारेत." मी स्कूटर काढली. पिपलानीतून गेले, मुद्दाम. आपल्या ब्लॉकच्या भिंतीतून पिंपळ उगवलाय, खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. अवधपुरीत जिथे आपण बोरं वेचायचो तिथे आता चार चार मजले आहेत, आणि त्यांतल्या दुसऱ्यावर धाकट्या मुलीच्या घरी काका, उशांच्या आधाराने, नाकाला नळी. कपाटावर चादरीत बांधलेली पेटी. खुर्चीत तरुण पास्टर, मांडीवर छोटी बॅग.

"आलीस," काका म्हणाले. "लेखिका झालीस म्हणे. लोकांची उतरवतेस."

"थोडी थोडी, काका."

"आज माझी उतरव." दम लागला. थांबले. "शिक्का मी मारला होता."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे ते मला माहीत आहे. डबी तूच दिलीस. पण मी बोललो नव्हतो ना. आता बोलतो, ऐकून घे. बोअर वाढला होता. टूल घासलेलं, मी बदललं नाही, मार्चची घाई. केसाएवढा. माझी बढतीची मुलाखत होती. मारला. आणि तुझ्या बापाने विचारलं तेव्हा पेटीवर हात ठेवून खोटं बोललो. झालं. काही राहिलं का?"

मी म्हटलं, "त्यांना का नाही सांगितलंत?"

"रोज जायचो की खिडकीत. टोकन ठेवायचो, तो ड्रिल द्यायचा. रोज वाटायचं आज बोलू." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "मागे लाइन असायची."

काकू पदराने नाक पुसत म्हणाल्या, "इतकी वर्षं लाइन होती का हो मागे?"

"तू गप. हॉस्पिटलात गेलो होतो ना शेवटी त्याच्याकडे, या पोरीदेखत. त्याने भिंतीकडे तोंड केलं. आता तू सांग, बेटा. त्यानंतर काही बोलला का? मला सोडलं का त्याने?"

पास्टर पुढे झुकला. चांगला मुलगा आहे, पप्पा, तुम्हाला आवडला नसता. "अंकल, क्षमा तो प्रभु देते हैं. इनके पिताजी के हाथ में थोड़े ही है."

"प्रभु से मेरी बात हो चुकी, पास्टर साहब," काका म्हणाले. "इनके बाप से रह गई."

आता मी काय करायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. खरं सांगायचं तर सोपं होतं: काका, ते काही बोलले नाहीत. भाग रॅकवर आहे. किंवा मग मीच म्हणायचं, मी माफ केलं. पण माझा काय संबंध? मेलेल्या माणसाच्या वतीने माफ करणारी मी कोण? त्या खोलीत बसून मला क्रूसावरचा प्रसंग आठवला, आणि आठवलं की तो स्वतःसुद्धा "मी यांना माफ करतो" असं म्हणाला नाही. बापाला म्हणाला, तू कर. तिथेही फाइल वरच गेली. मग माझ्या लक्षात आलं, अगदी लख्ख, की हा माणूस माझ्याकडे पुन्हा तीच वस्तू मागतोय. तुम्ही गावाला गेला आहात, तुमचं कपाट कुठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि काका म्हणतायत, डबी काढून दे. फरक एवढाच की या वेळी खोट लिहून आली होती. मापासकट. तुमच्या नियमाने फक्त वरची सही राहिली होती, आणि सही करणारा या वेळी गावालाही गेलेला नाही, मुळी नाहीच.

मी म्हटलं, "बोलले होते, काका. तुम्ही गेल्यावर. म्हणाले, त्याला सांग, जेवून घे."

काकांचे डोळे माझ्यावर, तुमच्या मापाच्या डोळ्यांसारखेच.

"असंच बोलला?"

"असंच."

"'जेवून घे'?"

"हो."

"हां," ते म्हणाले. "मग तोच बोलला. माफ केलं-बिफ केलं म्हणाला असता ना, तर मी तुला खोटं पाडलं असतं." आणि काकूंना म्हणाले, "उशी वर कर."

पास्टरने घाईघाईने बॅग उघडली. प्रार्थना हिंदीत झाली, काका मध्येच मराठीत आमेन म्हणाले. भाकरीचा तुकडा त्यांना गिळवेना, काकूंनी तो प्याल्यात बुडवून दिला, लहान मुलाला बिस्किट देतात तसा. मग पास्टर ताटली घेऊन माझ्याकडे वळला. मी नुकतीच एका मरणाऱ्या माणसाशी त्याच्या मेलेल्या मित्राच्या नावाने खोटं बोललेली. तुम्ही असतात तर बसून राहिला असतात. माझ्या पर्समध्ये ती पट्टी असते, नेहमी असते. मी घेतली भाकर. काकू माझ्याकडे पाहत होत्या म्हणून घेतली की भूक लागली होती म्हणून, मला माहीत नाही. काका शुक्रवारी गेले. पेटी काकूंनी मला पाठवली आहे, ती अजून चादरीतच आहे.

ते शब्द तुम्ही मला दिले होते, पप्पा, आणि मी ते त्यांना देऊन टाकले. त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. याकोबाला दिलेला आशीर्वाद परत घेता आला नाही, तर हा कोण घेणार? पण ज्याने आशीर्वाद दिला त्या बापाला रात्री झोप लागली का, ते शास्त्रात नाही, आणि फसवणाऱ्याला लागली का तेही नाही. तुम्ही फळ्यापाशी थांबला होतात तेव्हा तुम्हाला याचंच उत्तर येत नव्हतं का?

हे पत्र मी कुठे पाठवणार? चष्म्याची डबी आहे अजून, शिक्का तुम्ही जमा केलात पण डबी राहिली. घडी घालून तिच्यात ठेवीन. मात्र एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि खोट लिहून आल्याशिवाय तुम्ही पुढचं पाहत नाही. हॉस्पिटलातला तो दिवस मी सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगत आले: काका आले, तुम्ही भिंतीकडे वळलात, एक शब्द बोलला नाहीत. चांगली गोष्ट आहे ती, सांगताना लोक गप्प होतात. ती खरी नाही. काका जिना उतरले तेव्हा भिंतीकडे तोंड करूनच तुम्ही काहीतरी बोललात. दोन-तीन शब्द, अगदी हळू. मी पलंगाशीच उभी होते, वाकले असते तर ऐकू आलं असतं. मी चिडलेली होते. मी वाकले नाही.